ठशांकडून पट्ट्यांकडे

जमवलेल्या नोंदी पारखून, त्यांची एकमेकींशी सांगड घालून त्यांतून प्रश्नाचे उत्तर काढणे, याला डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. त्यासाठी आधी प्रश्न नेमका हवा. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडशेजारच्या नवेगावच्या रानात तो असा आहे: वाघ किती, आणि ते जातात कुठे?

पूर्वी उत्तर पावलांच्या ठशांवरून काढत. वनरक्षक ठशावर काच धरून त्याची आकृती उतरवून घेई. पण ओल्या चिखलात ठसा पसरतो, घट्ट मातीत आवळला जातो. एकाच वाघाचे दोन मोजले जात. राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री वाघ होते, प्रत्यक्षात एकही उरला नव्हता, हे २००५ मध्ये उघड झाले. मोजणी चुकली की वाघाचे मरणही कळत नाही, हे देशाला तिथे कळले.

२००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशभरच्या व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यांचा आधार घेतला जातो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा असतो, आणि त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणांहून सुमारे ३ कोटी ४९ लाख छायाचित्रे आली. त्यांत वाघाची ७६,६५१. संगणकाने पट्टे जुळवून २,४६१ वाघ वेगळे ओळखले. अंदाज मात्र २,९६७ चा निघाला. टिपलेले वाघ किती वेळा पुन्हा टिपले जातात, यावरून नजरेतून सुटलेले किती असावेत याचे गणित मांडता येते. विश्लेषणाची खरी ताकद इथे दिसते.

त्याचा उपयोग याच जिल्ह्यात झाला. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघांची दाटी आणि माणसांशी संघर्ष, तर नवेगाव-नागझिऱ्यात जागा असून वाघ थोडे. मे २०२३ मध्ये तिकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्यांच्या वाटा नकाशावर उमटू लागल्या. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जनावरांसाठी भुयारी वाट कुठे हवी, हे अशाच नोंदी सांगू शकतात.

मात्र पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायका, गुराख्यांच्या वाटा, चराईच्या वेळा यांचीही नोंद तितक्याच निगुतीने ठेवली पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये वनरक्षकाच्या कोणत्या बीटात माणसाची आणि वाघाची वेळ एकच येते, हे मग हंगामाआधीच गावाला सांगता येईल.