गिरणीवाल्याचे ब्रह्मांड

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात माझी नेमणूक गिरणीवर होते. भाजणीचा डबा हाती देताना सौभाग्यवती बजावतात, "आधी बाजरी दळलेली नाही ना, ते विचारा. आणि तिथे गप्पा मारीत बसू नका." पहिली आज्ञा मी पाळतो. दुसरी पाळणे कठीण. पुढे दहा डबे असले म्हणजे बोलणे महागाईवरून निघते ते थेट परमेश्वरापर्यंत जाते, आणि भुवयांवर पीठ माखलेला गिरणीवाला त्या प्रत्येक मुक्कामावर आपले मत देतो.

त्याला पाहिले की मला मेनोक्कियो आठवतो. खरे नाव दोमेनिको स्कांदेला. जन्म १५३२, गाव मोंतेरेआले, इटलीच्या ईशान्येस फ्रिऊली प्रांतात. भाड्याच्या दोन चक्क्या, अकरा मुले झाली त्यातली चार गेलेली. खेड्यातला माणूस, पण वाचता येई. आणि सारा घोटाळा तिथेच झाला.

व्हेनिस हे त्या काळी छापखान्यांचे शहर. तिथून एक पुस्तक त्याने दोन सोल्दींना विकत आणले होते. बाकीची बहुतेक उसनी! एक पाद्र्याकडून, एक गावातल्या बाईकडून. आपल्याकडे दिवाळी अंक आळीभर फिरतो ना, तसेच. मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनात त्याने नाना देशांचे नाना धर्म वाचले आणि विचारात पडला. बोकाच्चोच्या गोष्टींतली तीन अंगठ्यांची कथा वाचून त्याने ठरवले, की जो तो आपलाच धर्म खरा मानतो. खरा कोणता ते कोणी सांगावे?

पण त्याचे विश्व कुठल्याच पुस्तकात नव्हते. आरंभी म्हणे पृथ्वी, वायू, पाणी, अग्नी यांचा एकच काला होता. दुधाचे चीज व्हावे तसा त्याचा गोळा झाला, चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यात देवदूत झाले, आणि त्यांच्यातच देवही! हे मी आमच्या गिरणीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, हा माणूस गाई पाळत असणार."

कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९७६ साली मेनोक्कियोवर ग्रंथ लिहिला, त्यात निराळ्या शब्दांत तेच म्हटले आहे. छापील पानावर काय होते आणि मेनोक्कियोच्या डोक्यात काय उतरले, हे त्याने ताडून पाहिले. दोहोंत फार अंतर. मध्ये खेड्यातली तोंडोतोंडी चालत आलेली जुनी समजूत उभी होती. शहरातले पुस्तक तिच्यातून गाळून आत जाई. काही पंडितांना हे पटत नाही. मला पटते. आमच्या आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवले की तिच्या तोंडून संध्याकाळी त्याचे पुराण होऊन बाहेर पडे.

गावाने हे बोलणे वर्षानुवर्षे ऐकून घेतले. कोणी वाद घातला, कोणी टाळले. अखेर १५८३ साली धर्मन्यायालयाकडे तक्रार गेली, तीही पाद्र्याच्या पुढाकाराने. १५८४ च्या चौकशीत शहाण्या मित्रांनी थोडके बोलायचा सल्ला दिला होता. पण आयुष्यात प्रथमच एवढे विद्वान लोक आपले ऐकायला बसलेले! गडी मोकळा सुटला. न्यायालयात लॅटिन चालते ही गरिबांची फसवणूक आहे, हेही त्याने न्यायाधीशांनाच ऐकवले. कारकुनाने शब्दन् शब्द टिपला, म्हणून आज आपल्याला तो ठाऊक.

पीटर बर्क यांनी १९७८ च्या ग्रंथात दाखवले आहे, की १५०० च्या सुमारास युरोपातले सरदार आणि पाद्री लोकांच्या जत्रांत, सोंगांत आणि गाण्यांत सामील असत. १८०० पर्यंत ते त्यातून अंग काढून बसले. मेनोक्कियो या दुराव्याच्या ऐन तोंडी सापडला. जवळजवळ दोन वर्षांचा तुरुंग झाला. पुढे जीभ पुन्हा सुटली, दुसरा खटला झाला, छळ झाला. रोमहून, खुद्द पोपच्या इच्छेने, निकाल लावण्याचा तगादा आला आणि १५९९ साली सत्तरीकडे झुकलेल्या या गिरणीवाल्याला देहदंड दिला गेला.

मला मात्र राहून राहून मधली वर्षे आठवतात. १५८६ मध्ये तो सुटून गावी आला, तो अंगावर क्रूस शिवलेला प्रायश्चित्ताचा झगा कायम घालण्याच्या आणि गाव न सोडण्याच्या अटीवर. आणि १५९० साली त्याच मोंतेरेआलेच्या चर्चचा कारभारी म्हणून पुन्हा नेमणूक झाली ती मेनोक्कियोची.