शेरवानी भाड्याची, सदरा विकतचा



कापडाच्या धंद्यात एक साधा हिशेब आहे. लग्नाची शेरवानी माणूस भाड्याने नेतो, रोजचा सदरा मात्र विकत घेतो. एक दिवसाच्या वस्तूला भाडे परवडते, रोजच्या वस्तूला परवडत नाही. हाच गज आज आम्ही व्हिडिओ गेमच्या मासिक वर्गणीला लावून पाहणार आहोत. विषय पोरासोरांचा वाटेल, पण पैसा आपल्या गल्ल्यातून जातो, म्हणून तो या पानावर घेतला आहे.

आमचे दुकान शिरूरला, थोरल्या भावाचे दौंडला. सुट्टीत पुतण्या आमच्याकडे दुकानावर बसायला आला. दुकानाचा फोन त्याच्या हाती दिला आणि पिनही आम्हीच सांगितला. पुढे बँकेचा उतारा तपासताना पाच महिने दरमहा एकच रक्कम वजा झालेली दिसली. दौंडला फोन लावला. पुतण्या म्हणाला, "चाचा, पहिला महिना फुकट होता. नंतर मी तो गेम उघडलासुद्धा नाही." रक्कम एखाद्या कटपीसच्या किमतीएवढी, पण वहीत न लिहिलेला खर्च तो खर्चच. चूक पोराची जितकी, तितकी आमचीही.

ही वर्गणी म्हणजे काय? दरमहा ठरलेली रक्कम भरली की शेकडो गेम खुले होतात, भरणे थांबले की सारे बंद. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स गेम पास' २०१७ मध्ये सुरू केला. २०१९ मध्ये ॲपलची 'आर्केड' आणि २०२२ मध्ये गुगलचा 'प्ले पास' भारतात आला, दोन्ही सुरुवातीला महिना ९९ रुपयांत.

यात गिऱ्हाईकाचा फायदा नाही असे म्हणणे बेइमानी ठरेल. मोठा नवा गेम विकत घ्यायचा तर चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात, आणि पोरे पंधरा दिवसांत त्याला कंटाळतात. घरात तीन मुले असतील, प्रत्येकाची आवड निराळी असेल, तर भाड्याचा सौदा स्वस्त पडतो. शिवाय आर्केडसारख्या सेवेत जाहिराती नसतात आणि गेमच्या आत पुन्हा पैसे मागितले जात नाहीत. 'फुकट' म्हणवणारे कित्येक गेम मुलांच्या हातून जे पैसे काढतात, त्यापेक्षा हे सरळ आहे.

पण दुसरी बाजू पाहा. गिऱ्हाईकापुढे शंभर तागे उलगडले तरी अंगात सदरा एकच जातो. वर्षभर एकच क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या मुलाला शेकडो गेमचे भाडे कशाला? आणि भाव ठरवणे मालकाच्या हाती. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या सर्वांत वरच्या योजनेचा भारतातील दर महिना ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपये झाला. वर्षाचा हिशेब ९,९४८ वरून १६,६६८ वर गेला. एवढ्यात तीन-चार नवे गेम विकत येतात.

विकतच्या डिस्कचा आणखी एक गुण आहे. खेळून झाली की ती मित्राला देता येते, पुण्याच्या जुन्या बाजारात निम्म्या-पाव किमतीत विकताही येते. भाड्याच्या मालाला मोड नाही. साप्ताहिकाची वर्गणी संपली तरी जुने अंक घरात राहतात, इथे तेही राहत नाहीत. गुगलची 'स्टेडिया' ही सेवा भारतात आली नव्हती, पण तिचा दाखला बोलका आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती बंद झाली तेव्हा ज्यांनी गेम विकत घेतले होते त्यांना पैसे परत मिळाले, मासिक वर्गणी भरणाऱ्यांना वर्गणी परत मिळाली नाही. अर्थात इंटरनेटवरच्या खरेदीचीही खात्री नाही. 'द क्रू' हा २०१४ चा मोटारींचा गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना.

तेव्हा आमचे मत असे. भाडे वाईट नाही, विसरलेले भाडे वाईट. खरेदी आणि इजारा हे दोन वेगळे सौदे आहेत, आणि इजाऱ्यात मुदत व रक्कम दोघांनाही ठाऊक असावी लागते. 'पहिला महिना फुकट' या पाटीखाली मुदतच नजरेआड होते, तिथेच गिऱ्हाईक बुडते.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वापरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो संदेश वाचल्याशिवाय पुसू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी वर्गणीच्या सापळ्याला, म्हणजे वर्गणी बंद करणे मुद्दाम अवघड करण्याला, मनाई केली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आम्ही आता घरात नियम केला आहे. परीक्षा झाल्यावर मुलांना एक-दोन महिन्यांची वर्गणी मिळेल. घेतली त्याच दिवशी फोनमधल्या 'ऑटोपे'च्या यादीत जाऊन ती पुढे चालू राहणार नाही असे करायचे. जो गेम वर्षभर खेळायचा, तो डिस्कवर विकत. आणि दुकानाच्या खात्याचा पिन पुन्हा आमच्याच डोक्यात, पुतण्याच्या नाही.

आज रात्री दुकान वाढवताना आपल्या फोनमधली ती यादी एकदा उघडून पाहा. उधारीची वही रोज तपासणाऱ्या माणसाला हे जड नाही.