क्रेडिट कार्डचं 'मिनिमम ड्यू' दरमहा भरूनही कर्ज का संपत नाही?

हप्ते डोईजड झाले की हॉटेलिंग, ओटीटी, नवे कपडे असे खर्च आधी कमी केले जातात. पण वाचलेला पैसा कोणत्या कर्जात भरला, यावर पुढचं गणित ठरतं.

गृहकर्जाचा व्याजदर तुलनेने बराच कमी असतो. क्रेडिट कार्डच्या थकबाकीवर अनेक बँका महिन्याला 3.5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लावतात.

समजा, कार्डवर 50 हजार रुपये थकले आहेत. महिन्याचं व्याज झालं 1,750 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 315 रुपये. 'मिनिमम ड्यू' म्हणून 2,500 रुपये भरले, तर मुद्दल फक्त 435 रुपयांनी कमी होते. 'मिनिमम ड्यू' भरल्याने लेट फी टळते, व्याज नाही.

कार्डवर नवी खरेदी केली नाही आणि दरमहा 2,500 रुपयेच भरत राहिलं, तर हे कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. घरखर्चातून वाचवलेले 2,000 रुपये त्यात घातले, तर ते साधारण सव्वा वर्षात संपतं.

पर्सनल लोन किंवा सोनेतारण कर्ज घेऊन कार्डची थकबाकी एकरकमी फेडता येते, कारण त्यांचे दर सहसा कमी असतात. मात्र त्यानंतर कार्ड पुन्हा वापरलं, तर एकाऐवजी दोन कर्जं होतात. सोनेतारणाचे हप्ते चुकले, तर दागिन्यांचा लिलावही होऊ शकतो.