पहिली सफर घाटमाथ्यापर्यंतच

सातारा-सांगलीच्या मळ्यांत, नाशिक-नगरकडच्या वस्त्यांवर, तळकोकणातल्या घरांच्या पडवीशेजारी अजूनही ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जीप दिसते. कुणी ती उसाच्या शेतावर जा-ये करायला घेतली होती, कुणी ठेकेदारीच्या कामाला. काही गाड्यांनी वर्षानुवर्षे वडाप केले. घेणारा माणूस गेला आणि गाडी मुलाच्या, लेकीच्या, नातवंडांच्या वाट्याला आली. बॅटरी उतरलेली, टायर बसलेले, सीटच्या फोममध्ये उंदरांचा मुक्काम. सणाला सगळे गावी जमले की तिचा विषय निघतोच. एक जण म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा मोबाइलवर लडाखचा रस्ता काढून बसतो.

दोघांचेही ऐकू नये. गाडी भंगारात घालू नये आणि तिला एकदम लांब पल्ल्यावरही नेऊ नये. तिची पहिली सफर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आतली असावी आणि घाटमाथ्यावर संपावी.

भंगारात का घालू नये, याचे पहिले कारण ती दुरुस्त होते, हे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी 1941 ते 1945 या काळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. रणांगणावर, चिखलात, साध्या हत्यारांनी उघडता यावी अशीच तिची रचना होती. 1945 साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली आणि 1948 मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेली कंपनी मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी करू लागली, आणि तीच रचना भारतात रुजली. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनणारे डिझेल इंजिन आले, इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. 1980 च्या दशकातली ‘एमएम 540’ त्या इंजिनावर धावली. सुमारे 2.1 लिटरचे इंजिन आणि साठेक अश्वशक्ती, इतकीच तिची ताकद. नाशिकला बनणाऱ्या आजच्या डिझेल ‘थार’मध्ये 130 अश्वशक्तीचे इंजिन मिळते, यावरून दोन पिढ्यांमधले अंतर कळावे. पण जुन्या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही. नट-बोल्टवर उभी असलेली ती गाडी तालुक्याच्या गावातला जुना मिस्त्री आवाज ऐकून ओळखतो आणि पाने घेऊन खोलतो.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. धरणांची कामे, वनखाते, निवडणुकीच्या पेट्या, अडलेल्या बाळंतिणी असा ग्रामीण महाराष्ट्राचा बराच प्रवास या गाड्यांतून झाला. घरातल्या वस्तूंपैकी फार थोड्या वस्तू आजोबांच्या कामाची आठवण अशी चालत्या स्थितीत ठेवू शकतात. ती आठवण जपायची तर गाडी चालती हवी. अंगणात गंजणाऱ्या पत्र्यातून काही जपले जात नाही.

मात्र गॅरेजच्याही आधी आरटीओ येते. वारशाने गाडी ताब्यात आली म्हणून ती आपोआप नावावर होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 56 वा नियम याबाबत स्पष्ट आहे. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यायची, तसे केल्यास तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत नमुना 31 भरून नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला लागतो, चालू विमा लागतो, बाकीच्या वारसांची संमतीही लागते. घरोघर हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. अपघात झाला की मग कळते, की आरसी बुकावर नाव दिवंगत माणसाचे, विमा संपलेला, आणि भरपाईच्या दाव्याला उत्तर द्यायला चालवणारा एकटा उभा. 2021 पासून नोंदणीतच वारस नोंदवण्याची सोय झाली आहे. आज ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी ती वापरली तर पुढच्या पिढीचे हेलपाटे वाचतील.

जुन्या जीपचा आणखी एक कागदी घोळ असतो. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे हे एकेकाळी गावोगावी चालत असे. इंजिन बदलले, पण पुस्तकात नोंद झाली नाही, अशा गाड्या पुष्कळ. नोंदणीला 15 वर्षे झाली की दर पाच वर्षांनी पासिंग करावे लागते. तिथे इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर पुस्तकाशी जुळले नाहीत तर सगळे अडते. परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात बसत नाही. म्हणून रंगकामाला पैसे घालण्यापूर्वी दोन्ही नंबर घासून, वाचून पाहावेत.

मग गॅरेज. इथे तरुण वारसांचा पहिला खर्च बहुधा मोठ्या टायरवर, बंपरवर आणि जादा दिव्यांवर होतो. तो खर्च ब्रेकवर व्हायला हवा. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. वर्षानुवर्षे तेच राहिले की उतारावर तापून त्यात वाफ धरते आणि पेडल खाली बसते. ऑइल बदलणे, व्हील सिलिंडर उघडून पाहणे, लायनर तपासणे आणि रबराचे होज नवे घालणे ही कामे पुढे ढकलण्याजोगी नाहीत. टायरला नक्षी दिसते म्हणून भरवसा ठेवू नये. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत. 2314 असे लिहिले असेल तर तो टायर 2014 सालच्या 23 व्या आठवड्यातला आहे, आणि इतका जुना टायर वेगात फुटू शकतो. रेडिएटर साफ करून घ्यावा, फॅन बेल्ट जवळ जादा ठेवावा. डिझेलच्या टाकीत तळाला गंज आणि पाणी साचते. टाकी उतरवून धुतली नाही तर ते फिल्टरमध्ये येते, इंजिन एअर घेते आणि गाडी चढावर मधेच थांबते. पेट्रोलची जीप असेल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते, हे धरून इंधनाच्या नळ्या आधीच बदलाव्यात.

चारही चाकांच्या ओढीबद्दलही मोठा गैरसमज आहे. या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस यांच्यामध्ये फरक सोसणारे डिफरन्शियल नसते. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत किंवा वाळूत चाके थोडी घसरून तो फरक मिटवतात. डांबरावर घसरायला जागा नसते. मग तो सगळा ताण ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि आसांवर येतो. पक्क्या रस्त्यावर ‘जास्त पकड मिळेल’ म्हणून फोर-व्हील टाकून चालवणारा माणूस आजोबांनी तीस वर्षे सांभाळलेले दाते एका सफरीत मोडू शकतो. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलमधले ऑइल पाहावे, क्रॉसना ग्रीस मारून घ्यावे आणि फोर-व्हीलचा दांडा पडतो की नाही हे मऊ मातीच्या शेतात तपासावे. वर्षानुवर्षे न हललेला दांडा बहुधा अडकलेला असतो.

आता सफर. नाशिककरांनी पहिल्या दिवशी घोटीवरून भंडारदऱ्याला जावे. साधारण 70 किलोमीटरची वाट. वाटेत इगतपुरी तालुक्याचा तो परिसर लागतो जिथे अशा गाड्यांची इंजिने बनली. घोटीत पंप, टायरवाला, वेल्डिंगवाला सगळे आहे. बारीजवळ 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर डोक्यावर येते आणि पुढे 1926 साली पुरे झालेले धरण. गाडीचे तापमान, ऑइलचा दाब, क्लचचा वास, स्टिअरिंगमधला प्ले असे सगळे तपासायला एवढा रस्ता पुरतो. कराडकरांनी पाटणवरून कोयनानगरपर्यंत जावे, कोल्हापूरकरांनी राधानगरीपर्यंत.

तिन्ही वाटांचा मुक्काम सह्याद्रीच्या माथ्याकडे आहे आणि ते मुद्दाम आहे. पुढचा कसारा, कुंभार्ली आणि फोंडा घाट त्या दिवशी उतरायचा नाही. जुन्या गाडीची परीक्षा चढात होत नाही. चढात इंजिन तापले तर थांबता येते, पाणी घालता येते, टोचन करून आणता येते. उतारात ब्रेक गेले तर थांबता येत नाही. ड्रम ब्रेक, पॉवर नसलेले स्टिअरिंग, एबीएस नाही, एअरबॅग नाही. अशा गाडीने घाट उतरायचा तर ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत उतरावा लागतो. ही सवय मोटारगाडी शिकलेल्या आजच्या चालकाला नसते. ती छोट्या उतारांवर आधी अंगवळणी पडली पाहिजे. मागच्या आडव्या बाकड्यांवर मुलांना बसवून घाटात नेऊ नये. त्या बाकड्यांना ना पट्टा असतो, ना डोक्यामागे आधार. पहिल्या सफरीला पुढच्या सीटवर दोघे मोठे पुरेत, आणि त्यातल्या एकाला स्टेपनी बदलता यावी.

समृद्धी महामार्गाचा मोहही टाळावा. जून 2025 मध्ये मुंबई-नागपूर हा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला आणि तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. साठच्या आसपास सुखाने चालणारी जीप त्या रस्त्यावर स्वतःलाही धोका आणि मागून येणाऱ्यालाही. तिचा रस्ता राज्यमार्गाचा आणि जिल्हामार्गाचा. तिथे तिच्या वेगाला मान आहे.

आणि दोन जागी ती कधीच नेऊ नये. एक, समुद्राची पुळण. हर्णै-कर्देपासून गुहागरपर्यंत भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. त्यात गाडीचे नुकसान होते ते होतेच. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर आणि गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले आहे. चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिलाला वर येता येत नाही. दुसरी जागा म्हणजे कातळसडे आणि पठारे. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले कास असो की गावाशेजारचा निनावी सडा, तिथली माती काही बोटांची आणि त्यातली वनस्पती पावसाळ्यापुरती असते. ओल्या पठारावर उमटलेले चाकोरे वर्षानुवर्षे राहतात. फोर-व्हील ड्राइव्ह असणे हा कुठेही घुसण्याचा परवाना नव्हे. शेतरस्ता, पाणंद, चिखलाने अडलेली वस्ती यांसाठी ती सोय आहे.

सरकारच्या बाजूनेही इथे एक विचार हवा. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते 10,000 झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उलट, 2021 च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ मानली जाते ती 50 वर्षांपुढची गाडी, तीही मूळ रूपात राहिलेली. 1980 आणि 1990 च्या दशकातल्या जीप या दोन्हींच्या मधोमध अडकल्या आहेत. त्यांना भंगारात जाण्याचा इशारा मिळतो, जतनाची वाट मात्र मिळत नाही.

जुने डिझेल इंजिन धूर जास्त सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. यातल्या कित्येक गाड्या देशात उत्सर्जनाचे नियम येण्यापूर्वी बनल्या. त्या रोज पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर धावाव्यात असे कुणी म्हणू नये. पण वर्षाला थोडेच किलोमीटर धावणाऱ्या, जपून ठेवलेल्या गाडीला मर्यादित वापराचा वेगळा वर्ग देता येईल. वर्षाच्या अंतराची मर्यादा घालावी, मोठ्या शहरांत बंदी ठेवावी, पण ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर यांची यंत्रावर कडक तपासणी व्हावी. शुल्क भरले की पासिंग, यापेक्षा ब्रेक लागले की पासिंग, हा निकष रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच हिताचा आहे.

तोवर ज्यांच्या दारात अशी जीप उभी आहे त्यांनी लडाखचा नकाशा बाजूला ठेवावा. आधी नमुना 31 भरावा, मग ब्रेक उघडून घ्यावेत, आणि रस्ते कोरडे झाले की ओळखीच्या मिस्त्रीचा फोन नंबर जवळ ठेवून घाटमाथ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यावे.