जुनी जिप्सी घरीच मॉडिफाय करताय? दुरुस्ती कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

उंच केलेली जिप्सी, जाडजूड टायर, टपावर लाइटची पट्टी. अशा रीलखाली ‘भावा, खर्च किती आला?’ हा प्रश्न हमखास असतो. ‘आरसीवर काय लिहिलंय?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१८-१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. म्हणजे आज मिळते ती जुनीच. वेगळी चेसिस, चारही चाकांना पाटे आणि मोजकं इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे घरी काम करायला ती सोपी.

घरी काय करता येतं?

मूळ मापाचा पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती. प्लग, फिल्टर, कूलंटचे होज पाइप, पाट्यांचे बुश हे सगळं घरी जमू शकतं. पाण्यातून गाडी काढली असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल तपासा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदला. चेसिसला गंज असेल तर तो आधी बघा, टायर नंतर. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं.

टायर मोठा केला तर बिघडतं काय?

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५. त्याजागी २३५/७५ आर१५ टाकला की चाकाचा व्यास साधारण १० टक्क्यांनी वाढतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६६ च्या आसपास पळत असते. ब्रेक मात्र जुनेच, त्यांच्यावरचा ताण वाढतो. त्यात गाडी उंच केली की वळणावर कलंडण्याचा धोकाही वाढतो.

खरी अडचण कधी येते?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. बदल तिथे अडतो. अपघात झाला तर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते आणि भरपाईचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आरसी उघडा. इंजिन किंवा रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. जुनी जिप्सी रस्त्यावर टिकवायची असेल तर पहिला खर्च ब्रेक, स्टिअरिंग आणि गंज यांच्यावर करा. रीलमध्ये ते दिसणार नाही, पण घाट उतरताना तेच कामी येईल.