खर्ड्याचा विजय सात महिन्यांत का विरला? सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू आणि मराठवाड्याची सीमा

१/ २७ ऑक्टोबर १७९५. शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडलेल्या सवाई माधवराव पेशव्यांचे दोन दिवसांनी निधन झाले. वय अवघे २१, पोटी संतान नाही. 'ते जगले असते तर?' हा प्रश्न पुण्याच्या संदर्भात नेहमी विचारला जातो. या धाग्यात तो मराठवाड्याच्या बाजूने विचारू.

२/ त्याच वर्षी ११ मार्चला खर्डा येथे मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला होता. तहात दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख आणि सुमारे ३ कोटी रुपये कबूल झाले. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्यात ओलीस राहिला. हा तह टिकता, तर आजच्या मराठवाड्याचा पश्चिम भाग हैदराबादपासून तेव्हाच सुटला असता.

३/ तो टिकला नाही. पेशवेपदावर पुढे कोण, याचे ठरलेले उत्तर नव्हते. राघोबादादांचा मुलगा बाजीराव रक्ताच्या नात्याने जवळचा; पण नाना फडणवीसांना तो नको होता. विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यावा, असा नानांचा विचार. दौलतराव शिंदे, परशुरामभाऊ पटवर्धन, बाळोबातात्या हे प्रत्येक जण आपापला डाव मांडून बसलेले.

४/ १७९६ मध्ये बाजीरावांचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा यांना यशोदाबाईंचे दत्तकपुत्र करून गादीवर बसवले गेले. म्हणजे नात्याने काकी असलेली स्त्री नव्हे, तर चुलत पुतण्याची विधवा पत्नी त्यांची आई ठरली! नाना महाडला निघून गेले, आणि तेथून त्यांनी बाजीरावांसाठीच पाठबळ जमवायला आरंभ केला.

५/ निजामाचे साहाय्य हवे, तर किंमत द्यावी लागणार. महाडच्या करारात खर्ड्याला मिळालेला मुलूख परत करण्याचे आणि उरलेली रक्कम सोडून देण्याचे नानांनी मान्य केले. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर आले. त्यांनी हा करार पाळताना खळखळ केली, तरी मुलुखाचा मोठा भाग निजामाकडेच राहिला.

६/ हे पहिल्यांदा घडत होते का? नाही. आमच्या अहमदपूरहून फार दूर नसलेल्या उदगीर-औसा पट्ट्यात १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. तेव्हाही दौलताबाद मिळाले होते. पुढच्याच वर्षी पानिपत झाले, नानासाहेब पेशवे वारले आणि १६ वर्षांचे माधवराव गादीवर आले.

७/ काका राघोबादादांनी १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन पुतण्याला आळेगावी शरण आणले. मोबदल्यात उदगीरला मिळालेल्या मुलुखापैकी मोठा भाग परत देऊ केला. पुढे १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनच्या विजयाने बाजू सावरली. तरी १७९५ मध्ये दौलताबाद पुन्हा मागावे लागले, यातच सारे आले. रणांगणावर गमावलेले निजामाने वारसाच्या भांडणात दोनदा पदरात पाडून घेतले.

८/ मग तरुण पेशव्याचा मृत्यू म्हणजे राज्याचा अंत, हे अटळ होते का? १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि ४० दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाईंनी कारभार पेलला, इंग्रजांशी युद्ध झाले, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पाळण्यातला पेशवा असूनही राज्य उभे राहिले, कारण कारभारी एका वारसावर एकवटले होते.

९/ ती एकी मात्र माणसांपुरती राहिली, तिचा नियम झाला नाही. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडकडे पाहा. सहावा एडवर्ड १५५३ मध्ये १५ व्या वर्षी वारला. मरण्यापूर्वी बहिणींना डावलून त्याने लेडी जेन ग्रेला वारस नेमले. पण पार्लमेंटच्या कायद्याने वारसाचा क्रम आधीच ठरवला होता. त्या क्रमातली मेरी नऊ दिवसांत राणी म्हणून मान्य झाली. तंटा तिथेही झाला. दावा कोणाचा खरा, हे सांगणारा कागद मात्र लोकांपुढे होता.

१०/ सवाई माधवराव जगते, तर १८०२ चा वसईचा तह कदाचित टळला असता, असे मलाही वाटते. पण महादजी शिंदे आणि अहिल्याबाई आधीच गेल्या होत्या, नानाही १८०० मध्ये गेले. एका दीर्घायुषी पेशव्याने वेळ मिळवून दिला असता. वारसाचा प्रश्न पुढच्या मृत्यूपर्यंत तसाच राहिला असता.

११/ खर्ड्याच्या तहातला मुलूख अहमदपूरपर्यंत येत नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण हैदराबादची सीमा मागे सरकण्याची ती मोठी संधी होती. दौलताबादवरचा निजामी अंमल संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधल्या दीडशे वर्षांचा दोष एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या मागे कोण, हे ठरवून ठेवणे हयात मुत्सद्द्यांचे काम होते.

आपले मत वेगळे असल्यास जरूर मांडा.