सहा वर्षांखालील नागरिक

पावसाळ्यात खंडाळ्यास येणारा प्रवासी धबधबे पाहून परत जातो. बंगल्यांच्या मागील खोल्यांत राहणारी माळ्याची, राखणदाराची आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईची मुले त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. आई कामावर गेली म्हणजे तीन वर्षांचे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. एकाचे शिक्षण सुरू होत नाही व दुसरीचे बुडते. या मुलांचे पालक कोण, हे आपणांस सांगावयास नको. त्यांतील अनेक घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे.

या मुलांचा शिक्षणावरील हक्क कोणता, हा प्रश्न आम्ही आज कायद्याच्या अंगाने मांडीत आहोत. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत एक सूचना आली की, राज्याची जबाबदारी प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी. बाबासाहेबांनी ती अमान्य केली. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्यास घटनाच बंदी करीत असेल, तर ते मूल शाळेत असले पाहिजे, असे त्यांचे उत्तर होते. पुढे जे ४५ वे कलम झाले, त्यात चौदा वर्षांची वरची मर्यादा होती. खालची मर्यादा कोठेच नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्या कलमाच्या छायेत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयास मूलभूत हक्क दिला, ही मोठी गोष्ट होय. परंतु त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांस मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलम पाहा. तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’, असे ते म्हणते. ‘करील’ असे म्हणत नाही. वकिली करणाऱ्या माणसास या दोन शब्दांतील अंतर ठाऊक असते. आमच्या मते राज्यव्यापी बालशिक्षणाची सारी इमारत याच एका क्रियापदाशी अडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा पायाभूत टप्पा मान्य केला; तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि धोरण मोडले म्हणून न्यायालयात दाद मागणे सोपे नसते.

ही व्यवस्था आभाळातून पडावयाची नाही. तिचे बीज महाराष्ट्रातच रुजले आहे. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. (आमच्या व्यवसायातून एवढे तरी चांगले निघाले!) त्यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, जे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित व आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे त्यांस दिसले. दुसऱ्या कोणी पालकांच्या अज्ञानास दोष दिला असता. त्यांनी बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द अशा रीतीने जन्मास आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि हा मराठी शब्द देशभर गेला. शब्द गेला, परंतु त्यातील शिक्षण वाटेत बरेच सांडले. खिचडी, वजनकाटा आणि नोंदवह्या राहिल्या; गाणी, गोष्टी, माती व मणी यांस वेळ उरला नाही.

याचा दोष सेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या, तो संप अनेक आठवडे चालला. त्यापूर्वी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, व अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते ही गोष्टही विचारात घेतली. जी बाई शिक्षिकेचे काम करते तिला शिक्षिका म्हणण्यास राज्याने इतका संकोच का करावा?

आता खंडाळ्याकडे वळू. ग्रामीण व नागरी भागांत सामान्यतः ४०० ते ८०० लोकसंख्येस एक अंगणवाडी असा निकष आहे. सलग वस्तीत तो चालतो. येथे मात्र एका बंगल्यात एक कुटुंब, दुसऱ्यात दुसरे. हंगाम संपला की काही घरे लोणावळ्यास वा पुढे तळेगावास कामामागे जातात. मोजणाऱ्याच्या वहीत ही वस्तीच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितले होते की, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असून अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती मिळावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांस अग्रक्रम द्यावा. तो खटला २०१७ मध्ये निकाली निघाला. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे ५ वे कलम सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलास ‘स्थानिक अंगणवाडी’मार्फत विनामूल्य आहार देते. अंगणवाडीच नसेल तर तो हक्क कोठे बजावावयाचा, हा आपला पहिला मुद्दा असावा. ज्या आस्थापनेत ५० वा अधिक कामगार आहेत तेथे पाळणाघराची सोय ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, हेही मोठ्या हॉटेलांत कामास जाणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यातील ज्यांस नोकरी लागली, त्यांनी कर्ज काढून मुले इंग्रजी नर्सरीत घातली आणि अंगणवाडीकडे पाठ फिरविली. मुलास चांगले मिळावे ही इच्छा आम्ही दोषास्पद मानीत नाही. परंतु लिहितावाचता पालक निघून गेला की त्या अंगणवाडीत प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, आणि माळ्याच्या मुलाच्या वाट्यास उरलेलेच येते. शिवाय अनेक गावी आपली विहारे वंदनेचा दिवस सोडून कुलपात असतात. ती सकाळी चार तास अंगणवाडीस द्यावीत. मात्र गावातील सर्व जातिधर्मांच्या मुलांस तेथे मोकळा प्रवेश असावा. ज्यांना एकेकाळी दाराबाहेर बसविले, त्यांच्या विहारात पाटलाचे व धनगराचे मूल मांडीस मांडी लावून मणी ओवू लागले, तर आम्हांस तरी आनंदच होईल.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करावा. खंडाळा-लोणावळ्यात एक प्रत नगरपरिषदेस द्यावी. मावळातील खेड्यांत हाच विषय ग्रामसभेच्या कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, पालकाच्या कामाचे ठिकाण व सही वा अंगठा यादीत हवा. बंगल्याबंगल्यांतून फिरावे लागेल, म्हणून काम दोघा-तिघांनी वाटून घ्यावे. कार्यालयातून शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्यावाचून परतू नये, कारण तीन महिन्यांनी आपणांस तीच प्रथम विचारली जाईल.